मावशीचं नाव काय?

उकिडवे सर माडाच्या आळ्यात उकिडवे बसले होते. हसू नका, त्यांचं आडनावच ते होतं, आणि आमच्या प्राणिशास्त्र विभागातल्या कितीतरी तुकड्या या एका विनोदावर हसत हसत पदव्या घेऊन गेल्या होत्या. मला मात्र त्या सकाळी हसू येत नव्हतं. तिवरखडप बेटावरचा आमचा सहावा दिवस होता. माडाखालचा ओला पातेरा, म्हणजे कुजका पालापाचोळा, उपसून उपसून माझी नखं काळी झाली होती, आणि जिच्यासाठी आम्ही आलो होतो ती सापसुरळी अजून शेपटीचं टोकही दाखवायला तयार नव्हती.

“चौगुले, इथे हालचाल आहे,” सर कुजबुजले.

मी चाळण घेऊन धावले. सरांनी पातेऱ्यात हात घातला, आणि त्यांच्या अंगठ्याला लटकून एक खेकडा वर आला.

पलीकडच्या माडाखाली कोणीतरी खदखदून हसलं. ती मावशी. साठीच्या पुढची, काटक. लहानपणी तापात दोन्ही पाय गेलेले. हातांत लाकडाचे दोन ठोकळे धरून ती बसल्या बसल्याच सरकत जायची आणि दिवसभर माडाखाली झावळ्यांचे झाप विणायची. सगळं बेट, म्हणजे एकूण चौदा घरं, तिला मावशी म्हणायचं. खरं नाव द्वारकी. आम्ही उतरलो होतो ते तिच्या आणि तिच्या धाकट्या बहिणीच्या, भागीकाकीच्या घरी, पडवीत. सहा दिवस त्या दोघींच्या हातचं जेवूनही सरांना त्यांची नावं ठाऊक नव्हती. माणसांची नावं विचारायची त्यांना सवयच नव्हती. दोघींनाही ते ‘बाई’ म्हणत.

“सायबानू,” मावशीनं विचारलं, “काय हरवलां तुमचां?”

सरांनी अंगठा चोखत सांगितलं. दोन वर्षांपूर्वी बेटावरच्या दीपस्तंभावरून कोणीतरी एक मेलेली सापसुरळी खोबरेल तेलाच्या बाटलीत घालून विभागाला पाठवली होती. वीतभर लांब, गुळगुळीत, पाय इतके बारके की भिंगाखाली धरावे लागले. बाटली पोचेपर्यंत ती अर्धी कुजली होती. पण तेवढ्यावरून सरांना वाटत होतं, की ही जात जगात दुसरीकडे कुठेच नसावी.

“पाय आसत पण नसल्यासारखे? ती?” मावशी म्हणाली. “ती व्हयी तुमका? माका वाटलां, सायब खतासाठी पातेरो जमवतत.”

ती चार हात सरकली, ओल्या आळ्यापासून लांब, उन्हानं तापलेल्या कोरड्या वाळूत तिनं मनगटापर्यंत हात घातला, क्षणभर डोळे मिटले आणि मूठ बाहेर काढली. मुठीतून तांब्याच्या तारेसारखं काहीतरी वळवळत होतं.

सर उठायचे विसरले. उकिडवेच चालत तिच्यापर्यंत गेले.

“सहा दिवस आम्ही इथे शोधतोय,” ते म्हणाले. “तुम्ही आधी का नाही सांगितलंत, बाई?”

“तुमी माका इचारलास खय? आणि खरां सांगू? बघूक बरां वाटत होतां.”

पुढचे पाय गव्हाच्या दाण्याएवढे, त्यांना दोन बोटं. मागचे जरा मोठे, तीन बोटं. चालताना चारही पाय अंगाला चिकटवून ती वाळूत पोहत जायची. अर्ध्या तासात मावशीनं आणखी दोन काढून दिल्या आणि बजावलं, की एक न्या, दोन जिथल्या तिथे सोडा. सरांना तिन्ही हव्या होत्या. मावशीनं मूठच उघडली नाही, तेव्हा ते कबूल झाले.

“पाय असे झिजत का गेले असतील, हेच शोधायचंय आम्हाला,” सर म्हणाले.

“जातली खय ती? चार पावलांर दर्या. पाय व्हये कशाक?”

सरांनी ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. कोणी सांगितलं, ते मात्र लिहिलं नाही.

दुपारी भागीकाकी मागच्या दारी विळीवर बांगडे साफ करत होती आणि मी जमेल तेवढ्या लांबून तिला मदत करत होते. मी कोल्हापूरकडची, म्हणजे तिच्या भाषेत घाटीण; बांगड्याचे डोळे बघूनच मला कसंतरी व्हायचं.

“आता तिचां नाव कोण ठेवतलो?” काकीनं विचारलं.

“सर.”

“काय ठेवतले?”

मी सरांचा नियम सांगितला. प्राण्याला माणसाचं नाव द्यायचं नाही, ते देवळाच्या खांबावर नाव खरडण्यासारखं आहे, असं सर दरवर्षी पहिल्याच तासाला सांगत. तिथले लोक त्या प्राण्याला जे म्हणत असतील, तेच नाव. त्यासाठी सर किमान पाच घरं फिरत, प्रत्येकाला वेगळं गाठून विचारत आणि उत्तर जसंच्या तसं लिहून घेत.

“पण हिका सगळी सापाची मावशीच म्हणतत.”

“ते अख्ख्या कोकणात सगळ्याच सापसुरळ्यांना म्हणतात. सरांना हिचं एकटीचं नाव हवंय.”

“आणि तां नाव मगे कोण पुसूक शकता?”

“नाही काकी. एकदा छापलं की कायमचं. मी मेले, सर मेले, बेट बुडालं, तरी ते राहणार.”

काकीची विळी थांबली. मग तिनं मला शिरगणतीवाल्याची गोष्ट सांगितली. पाच वर्षांपूर्वी तो आला तेव्हा होडीत ओकून ओकून अर्धा झाला होता. खाली उतरलाच नाही. होडीतूनच त्यानं विचारलं, घरात माणसं किती, काय करतात.

“मी म्हटलंय, आमी दोगी. एक हिंडता, एक बसता. तेणा एक लिवल्यान नि गेलो. बायचां नाव खयच नाय. रेशनकार्डार नाय, मतांच्या यादयेत नाय. तालुक्याक आणून दाखवा म्हणतत. ती म्हणता, टोपलेत घालून न्हेतलास? मी काय बांगडे?”

“माझां नाव नाय तां बरां,” आतून मावशी ओरडली. “यम यादी घेवन येतलो, नि तसोच फाटी जातलो!”

काकी हसली नाही. बांगड्याचं डोकं उडवून ती हळू आवाजात म्हणाली, “तुझ्या सायबाक एक सांग. हयसर सापसुरळी म्हटलास तर कोणाक कळाचां नाय. मावशी म्हणूक सांग. मावशेचां नाव काय, असां सरळ इचारा म्हणावां.”

मला सगळं कळायला तेवढा बांगडा पुरला.

आता माझी अडचण ऐका. सरांना सगळं चालायचं, खोटी नोंद चालायची नाही. आदल्याच वर्षी कागले नावाच्या एका मुलानं एका बेडकाची लांबी न मोजता लिहिली होती. तो आता गारगोटीला सायकली दुरुस्त करत होता. मला काढलं असतं, तर इचलकरंजीचं साड्यांच्या दुकानवालं स्थळ वडिलांनी तयारच ठेवलं होतं. ते गृहस्थ मला एकदा बघून गेले होते आणि जाताना ‘मुलगी किडे पकडते म्हणे’ असं म्हणून हसले होते. पीएचडी गेली, तर उरलेलं आयुष्य त्या हसण्याशेजारी काढायचं होतं.

पण काकी खोटं कुठे सांगत होती? बेटावर खरोखरच कोणी सापसुरळी म्हणत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला मावशी मनापासून आवडली होती. संध्याकाळी मी सरांना म्हटलं, “सर, इथे सापसुरळी हा शब्द नाही. लोकांना मावशी म्हणून विचारावं लागेल.”

“उत्तम निरीक्षण, चौगुले,” सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. सरांच्या हातात वही, माझ्या हातात फडक्यात गुंडाळलेली बरणी. आधी नाव विचारायचं आणि मगच प्राणी दाखवायचा, ही सरांची पद्धत. म्हणजे उत्तर आपण सुचवल्यासारखं होत नाही.

पहिलं घर सावित्री मेस्त हिचं. ती घरापुढच्या खळ्यात सुकट उलटत होती.

“बाई, मावशीचं नाव काय?” सरांनी विचारलं.

“द्वारकी,” सावित्री म्हणाली. “कित्याक?”

सरांचा चेहरा उजळला. “द्वारकी! छान. आणि ती राहते कुठे?”

“भागयेच्या घरात. आणि खय रवतली?”

“घरातसुद्धा येते! ऐकलंत, चौगुले? खाते काय?”

“भात नि माशाची कढी.”

“भात?” सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बरणीकडे पाहिलं. “बरं, चावते का?”

“दातान नाय. जिबेन.”

“जिभेनं!” सरांनी वहीत मोठं उद्गारचिन्ह काढलं. “आणि पिल्लं? एका वेळी किती पिल्लं होतात?”

सावित्रीच्या हातातली सुकट खाली पडली. “शिरा पडो! लगीन खय झालां तिचां?”

“सर, म्हणजे यांनी पिल्लं पाहिलेली नाहीत,” मी घाईनं म्हटलं. तेही खोटं नव्हतं.

सरांनी बरणी दाखवायला सांगितलं. मी फडकं काढलं. सावित्रीनं बरणीत पाहिलं, सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी समुद्राकडे पाहू लागले. तिचे डोळे बारीक झाले, मग मोठे झाले, आणि तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

“व्हय, व्हय,” ती पदरातून म्हणाली, “हीच ती मावशी.”

आम्ही तिच्या खळ्यातून बाहेर पडेपर्यंत ती मागच्या दारानं पसार झाली होती. चौदा घरांच्या बेटावर प्रत्येकाला वेगळं गाठायची सरांची पद्धत तिथेच संपली, फक्त सरांना ते कळलं नाही. पांडू गिरप आपल्या दारात जाळं विणत होता. आम्ही पायरीवर पाय ठेवण्याआधीच तो म्हणाला, “द्वारकी.”

“मी अजून विचारलं नाही,” सर म्हणाले.

“इचारा मगे.”

“मावशीचं नाव काय?”

“द्वारकी,” पांडू म्हणाला आणि जाळ्यात डोकं खुपसून गदगदा हलू लागला. सरांनी त्याला खोकला झालाय का विचारलं. तो मानेनंच हो म्हणाला.

तिसऱ्या घरी म्हातारे बाबल आबा होते. ते ठार बहिरे. सरांनी कानाशी तोंड नेऊन “मावशी! नाव!” असं ओरडून विचारलं, तर ते काठी शोधत धडपडत उठले. “द्वारकी? खय पडली? हाड बीड मोडलां नाय मां?”

“ही झाडावरून पडते?” सरांनी मला विचारलं. “एवढ्याशा पायांनी झाडावर चढते?”

आबांच्या सुनेनं त्यांना खाली बसवलं आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, की नाव तेवढं बरोबर आहे, बाकी आबांना ऐकू येत नाही. सरांनी ‘चढते?’ असं लिहून पुढे आणखी एक प्रश्नचिन्ह टाकलं.

पाच घरांऐवजी सरांनी अकरा घरं घेतली. अकरा घरांत एकच नाव! असं एकमत त्यांना तीस वर्षांत कुठे मिळालं नव्हतं. वाटेत ते थांबले आणि त्यांनी मला समुद्र दाखवला.

“द्वारका, चौगुले! सौराष्ट्राचं गलबत, नारळाची रोपं, रोपांच्या मुळाशी माती, मातीत ही. लोकांनी कुठून आली तेच नाव ठेवलं. यावर वेगळा निबंध होईल.”

“होय सर,” मी म्हटलं. आता मला हसू आणि रडू एकदमच येत होतं. मला सरांचीही दया येत होती. खोट्याचा एवढा राग असलेल्या माणसाला अख्खं बेट खरं सांगूनच गुंडाळत होतं.

“आता शेवटची साक्ष,” सर म्हणाले, “जिनं पकडली तिची.”

भागीकाकीनं ही गोष्ट मावशीपासून लपवली होती. तिला कळलं तर ती एका वाक्यात सगळं उधळून लावेल, हे काकीला पक्कं ठाऊक होतं. मी उन्हाचं कारण सांगितलं, जेवणाचं सांगितलं, भरतीचंही सांगितलं. सर तोवर माडाखाली पोचलेसुद्धा. मावशी झाप विणत होती. काकी दारात उभी होती, हातात पळी, चेहरा पांढरा.

सरांनी बरणी मावशीपुढे ठेवली. “बाई, या मावशीचं नाव काय?”

मावशीनं विणायचं थांबवलं. तिनं बरणी उचलून उजेडात धरली आणि सावकाश फिरवून पाहिली. मग दारातल्या बहिणीकडे पाहिलं. मला त्या क्षणी समजलं, की तिला सगळं कळलंय. सावित्री मागच्या दारानं सगळ्यात आधी कुठे गेली असेल, हा विचार आम्ही कोणीच केला नव्हता.

“हिचां नाव?” मावशी म्हणाली. “भागी.”

काकीच्या हातातली पळी खाली पडली.

“भागी?” सर म्हणाले. त्यांनी वहीची पानं मागे उलटली. “अकरा घरांत द्वारकी म्हणतात.”

“म्हणूं देत. मी भागी म्हणतंय.”

सरांनी चष्मा काढला. हे वाईट लक्षण होतं. कागलेच्या वेळी त्यांनी असाच चष्मा काढला होता. “चौगुले, हे काय आहे? अकरा एका बाजूला, आणि जिला या प्राण्याची खरी माहिती आहे ती एकटी दुसऱ्या बाजूला. कोणीतरी मला खोटं सांगतंय.”

सगळे माझ्याकडे बघत होते. दारातून काकी, झापाआडून मावशी, आणि आपलं हसू आम्हाला ऐकू येणार नाही एवढं अंतर ठेवून उभं असलेलं अर्धं बेट. माझ्या डोळ्यांपुढे साड्यांचं दुकान आलं. मी तोंड उघडलं, आणि काय बोलणार आहे ते मलाच माहीत नसताना बोलून गेले.

“सर, कोणी खोटं बोलत नाही. द्वारकी थोरली, भागी धाकटी.”

सर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा चढवला.

“प्रौढ आणि पिल्लू!” ते जवळजवळ ओरडले. “दोन अवस्थांना दोन वेगळे शब्द! बाई, तुमच्या भाषेला तोड नाही.” आणि पातेऱ्यातच बसकण मारून ते भराभरा लिहायला लागले.

दुपारी सर झोपले तेव्हा मावशीनं मला बोटानं खूण करून बोलावलं.

“घाटीणबाय, माझां नाव बरणेत घालूचां कोणाच्या डोक्यातसून इलां?”

“काकींच्या.”

“वाटलांच. ती कित्याक करता, तां म्हायत आसा तुका?”

मी शिरगणतीवाल्याची गोष्ट सांगितली. मावशीनं हात उडवला.

“तां निमित्त. खरां ऐक. चाळीस वर्सां झाली. तिका बघूक पावणे इल्ले. पांगळी भयण आसा म्हटल्यार सोयरीक मोडतली, म्हणून आवशीन माका घरामागल्या मांगरात जाळ्यांच्या ढिगाफाटी बसयल्यान. पावण्यांनी भागयेक इचारल्यानी, भावंडां किती? ती म्हणाली, मी एकटीच. नि नेमकी तेवाच माका शिंक इली.”

मावशी इतकी हसली की तिच्या हातातली झावळी निसटली.

“पावणो म्हणता, कोण तां? आवस म्हणता, मांजर. पावणो म्हणता, बरांच मोठां दिसता. बापूस म्हणता, व्हय, मासे खावन वाडलां!”

मीही हसले. मग माझं हसू थांबलं आणि पुन्हा सुरू करता येईना.

“लगीन झालां. सा वर्सांनी तिचो घोव दर्यात गेलो, ती परत इली. त्या दिवसापासून आधी माका वाडता, मगे आपण जेवता. एक दिवस चुकाक नाय. मी कितीदा सांगलंय, गो, मी इसारलंय. ती ऐकणा नाय.” मावशीनं झावळी उचलली. “म्हणून तिचां नाव घेतलंय. मी एकटीच कित्याक जाव बरणेत? येवंदे तीय वांगडा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी लागली. सामान चढलं. होडी पांडूचीच होती. निरोपाला बरंच बेट जमलं होतं. मावशीही पुळणीच्या वाळूपर्यंत सरकत आली होती. सर खूश होते. वाळूत उभं राहून त्यांनी वही उघडली.

“निबंधाच्या शेवटी आभार मानायचे असतात,” ते काकीला म्हणाले. “प्राण्याला मी माणसाचं नाव देत नाही, पण आभार माणसांचेच मानतो. बाई, तुमच्या घरी आम्ही आठवडाभर राहिलो. घरात कोण कोण, नावं सांगा.”

पुळणीवर कोणी हलेना. आठ दिवसांत पहिल्यांदा सरांनी एका माणसाचं नाव विचारलं होतं, आणि तेही नेमकं मावशीच्या घरातलं.

“लिवा,” पांडू पटकन म्हणाला, “तिवरखडपची समस्त मंडळी.”

ती वाट सोपी होती. मी काकीकडे पाहून मान हलवली, की हो म्हण, मंडळीच बरी. सरही लिहायला लागले होते. काकीनं फक्त ‘व्हय’ म्हणायचं होतं. छापलेलं नाव राहणार होतं, माझी पीएचडी राहणार होती, आणि कोणालाही कधीही काही कळणार नव्हतं.

काकीनं पदर खोचला.

“मंडळी नको,” ती म्हणाली, होडीतल्या माणसांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. “आमी दोगी सख्खी भयणी. ही माझी थोरली भयण, द्वारकी. मी धाकटी, भागी. लिवा.”

मावशी वाळूकडे बघत होती. यावेळी ती हसत नव्हती. मला माझ्या पीएचडीचा पूर्ण विसर पडला होता. असं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकायला आपण तिथे होतो याचाच मला आनंद झाला होता.

सरांनी लिहिलं काहीच नाही. त्यांनी वहीची पानं मागे उलटली, पहिल्या घरापासून एकेक नोंद वाचली. भात आणि माशाची कढी. चावते, जिभेनं. वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी चष्मा काढला.

“चौगुले.”

“सर.”

“काल तुम्ही म्हणालात, द्वारकी थोरली, भागी धाकटी.”

“हो सर.”

“ते खरं होतं.”

“हो सर. अगदी शब्दशः.”

“आणि या अकराजणांना मी मावशीचं नाव विचारलं. त्यांनी मावशीचं नाव सांगितलं.”

“हो सर.”

मग सर मावशीपुढे जाऊन बसले. अर्थात उकिडवे. पण आठवड्यात पहिल्यांदा ते जमिनीकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत होते.

“द्वारकीबाई,” ते म्हणाले, “मला फक्त एक सांगा. या बेटावर आधी कोण? ही की तुम्ही?”

मावशीनं बरणीकडे पाहिलं आणि नीट विचार केला.

“पयली तीच असतली, सायबानू. मी मागसून इलंय.”

“मग तुमचं नाव तिच्यावरून पडलं, की तिचं तुमच्यावरून?”

“माझां बापाशीन ठेवल्यान. तो आता नाय. तेका खय इचारतलास?”

“म्हणजे पुरावा उपलब्ध नाही,” सर म्हणाले आणि वही मिटून होडीत चढले.

किनारा येईपर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत. मी ओकत होते, त्यामुळे मलाही बोलायचं नव्हतं. पुढचे चार महिने त्यांनी तो विषय काढला नाही आणि मी रोज सकाळी, आज काढतील, अशा तयारीनं विभागात जात राहिले. शेवटी एप्रिलमधल्या एका दुपारी त्यांनी मला टंकलेखन यंत्रापुढे बसवलं आणि निबंध सांगायला सुरुवात केली. जातीचं नाव, द्वारकी. धाकटीचं स्थानिक नाव, भागी. सौराष्ट्राच्या गलबताचा कुठे उल्लेख नव्हता. आभारात दोन बहिणी, नावांसकट.

“आता एक तळटीप घ्या,” सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. “‘या बेटावर हेच नाव स्त्रियांनाही ठेवलेले आढळते. थोरलीस द्वारकी व धाकटीस भागी म्हणण्याचा प्रघात किमान एका घरात निश्चितपणे आहे. प्रस्तुत लेखकाने त्या घरी राहून तो स्वतः तपासला आहे.’ झालं?”

“झालं, सर.”

“यात कुठे खोटी नोंद आहे, चौगुले?”

“नाही, सर.”

“मग हसताय कशाला? टाइप करा.”